टप उघडल्यावर खर्ज कुठे जातो?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील नोव्हेंबरच्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या महिन्यात याच जागी उभं राहून एका जाणकारांनी नाट्यसंगीतावर दीड तास बोलून तुम्हाला खूश केलं. आज त्याच जागी उभा राहून मी मोटारीतल्या स्पीकरवर बोलणार आहे. तेव्हा ज्यांना कॉफी घ्यायची असेल त्यांनी आत्ताच उठलं तरी मला वाईट वाटणार नाही. (हशा) कार्यवाह ताईंनी फोन केला तेव्हा मी म्हटलंसुद्धा, की अहो, मी साहित्यातला माणूस नाही. तीस वर्षं गाड्यांचा आवाज मोजण्याची नोकरी केली. कुठे खडखड होते, कुठे घरघर होते, ती का होते, आणि ती बंद करायची की ठेवायची. त्या म्हणाल्या, 'ठेवायची की बंद करायची हे ठरवता ना? मग ती समीक्षाच झाली.' म्हणून आलो.

विषय असा की, एका जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये चांगला बेस कसा आणायचा. आपल्या भाषेत खर्ज. आणि त्याआधीचा प्रश्न, आणावा का.

गाडी सांगतो. माझदा एमएक्स-५, इथे अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये तिचं पहिलं नाव युनोस रोडस्टर. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. दोन माणसं, चार सिलिंडर, मागची चाकं ओढणारी, वजन एक टनाच्या आत, आणि डोळे मिटणारे दिवे. ब्रिटिशांच्या साठच्या दशकातल्या रोडस्टर, विशेषतः लोटस एलान, डोळ्यांसमोर ठेवून केलेली. २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ बनली, म्हणजे ही काही दुर्मीळ रत्न वगैरे नाही. माझी १९९१ ची आहे, लाल, दुसऱ्या हाताची. नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये झाकून असते, कारण मिशिगनच्या रस्त्यांवर जे मीठ टाकतात ते या गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला वाळवीसारखं खातं.

आता या गाडीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. ती नुसती चालवायला केलेली नाही, ऐकायलाही केलेली आहे. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूने एक्झॉस्टचा आवाज मुद्दाम घडवला. म्हणजे सायलेन्सर बसवला आणि जो आला तो आवाज, असं नाही. गिअरचा दांडा किती अंतर हलावा, हातात काय जाणवावं, इथपासून सगळं ठरवलेलं. 'जिन्बा इत्ताई' हा शब्द ते वापरत: घोडा आणि घोडेस्वार एकच. हे ध्यानात ठेवा, पुढे मला तो घोडा लागणार आहे.

थोडं गणित करू. घाबरू नका, तिसरीतलं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास, म्हणजे सेकंदाला शंभर स्फोट. शंभर हर्ट्झ. हा झाला इंजिनाचा मुख्य सूर. आता काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याची शेवटची तार, खर्ज, त्याच्या निम्मी, ६९.३. आणि पहिली तार मंद्र पंचम, सुमारे १०४. आता उलटा हिशोब लावा. आपलं इंजिन २,०८० फेऱ्यांना खर्जावर असतं, ३,११५ ला पंचमावर, ४,१६० ला षड्जावर. तंबोरा आहे हो तो! (हशा) माझ्या गाडीचे गिअर आणि टायर धरून हिशोब केला, तर पाचव्या गिअरमध्ये ताशी साठ मैलांना इंजिन पंचमाच्या आसपास येतं. सत्तरला कोमल निषादाच्या जवळ. भीमसेनजींची ध्वनिमुद्रिका लावून मी पुष्कळदा साठ-बासष्टवरच राहिलो आहे आणि मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

गंमत सोडा. मुद्दा असा, की ज्या पट्ट्याला आपण बेस म्हणतो त्या पट्ट्यात या गाडीत एक वादक आधीच बसलेला आहे. तुम्ही काहीही लावा, तो वाजवत असणारच. त्यामुळे 'बेस वाढवायचा' म्हणजे रिकाम्या खोलीत फर्निचर आणायचं, असा प्रकार नाही. मैफल चालू आहे, डग्गा लागलेला आहे, आणि तुम्ही दुसरा डग्गा घेऊन आत शिरताय.

हे मला कळायला सहा वर्षं आणि बरेच डॉलर लागले.

पहिली चूक सांगतो. गाडी घेतली तेव्हा टप लावलेला होता. टप म्हणजे कापडी छत. आतलं गाणं बरं वाटलं. जूनमध्ये टप उघडून हायवेला लागलो आणि गाण्यातला तबला नाहीसा. किनार होती, डग्गा गायब. मग काय, एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, आता ते राहिलेलंही नाही. त्यांनी मान डोलावली आणि डिकीत बारा इंची सबवूफर बसवला. भलीमोठी पेटी. त्या डिकीत आधीच स्टेपनी आणि बॅटरी असते. या गाडीत बॅटरी मागे आहे. म्हणजे त्यानंतर डिकीत भाजीची एक पिशवीसुद्धा जाईना.

आणि बेस? तो आला. पण कुणाला आला ते ऐका. मियाटाची डिकी आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे, आणि सीटच्या मागे पेट्रोलची टाकी आहे. डिकीतला आवाज पुढे यायला वाटच नाही. तो डिकीच्या झाकणातून बाहेर जातो, झाकण आणि नंबरप्लेट थरथरवत. सिग्नलला माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त बेस ऐकू येत होता. पैसे माझे, मैफल त्याची. एकदा मी बायकोला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः फुटपाथवर उभा राहिलो. ती समोरून गेली तेव्हा कळलं की माझी गाडी काय गात होती: एकच सूर, सगळ्या गाण्यांना तोच.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला तुमच्यापैकी पुष्कळजण जाता. १९९५ पासून चालू आहे. हजारो जुन्या गाड्या वुडवर्ड अव्हेन्यूवरून संथ चालतात. तिथे खुर्ची टाकून बसा आणि डोळे मिटा. दोन प्रकारचे आवाज येतील. एक इंजिनांचा, प्रत्येकाचा वेगळा, आणि एक डिक्यांचा, सगळ्यांचा सारखा. या दुसऱ्या प्रकाराला मी डिकीपंथ म्हणतो. यात बेस किती आला हे विचारतात, काय आला हे विचारत नाहीत.

दुसरा एक पंथ आहे, त्यांना मी सोवळ्यातले म्हणतो. त्यांचं म्हणणं, जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये रेडिओच नको. इंजिन हेच संगीत. स्पीकर काढा, तेवढंच वजन कमी. ही माणसं मला आवडतात, त्यांच्याबरोबर चहा प्यायला मजा येते, पण त्यांचं म्हणणं या गाडीपुरतं तरी इतिहासाला धरून नाही. माझदाने स्वतः या गाडीत कॅसेट प्लेयर दिला होता. त्याहून पुढे जाऊन, काही गाड्यांमध्ये सीटच्या हेडरेस्टमध्ये छोटे स्पीकर दिले होते. ज्यांनी एक्झॉस्टचा सूर घडवला त्याच कंपनीला चालकाच्या कानामागे गाणं हवं होतं. मग शुद्ध काय नि अशुद्ध काय? आणि 'मूळ' आवाज म्हणतात तो तरी कुठे आपोआप उगवलाय? तोही कुणीतरी कानाने बसवलेलाच आहे. एवढं मात्र सोवळ्यातल्यांच्या बाजूने म्हणेन, की आजकाल स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाजवतात, बीएमडब्ल्यूने एम५ मध्ये २०११ च्या सुमारास ते केलं, तेव्हा त्यांच्याइतकंच मलाही कसंतरी झालं. गायकाने स्वतःच्याच मुद्रिकेला ओठ हलवावेत तसं.

हेडरेस्टच्या स्पीकरांवर थोडा थांबतो, कारण माझ्या मते या गाडीच्या आवाजातली ती सगळ्यात हुशार कल्पना आहे. ते छोटे आहेत. खर्ज त्यांच्या बापाच्यानेही निघणार नाही. पण ते जवळ आहेत. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. दारातला स्पीकर पायाशी, हेडरेस्टमधला कानापासून वितीवर. म्हणजे कमी वाजवूनही पुरेसा. उघड्या गाडीचा खरा प्रश्न काय आहे हे त्या चमूतल्या कुणाला तरी समजलं होतं: जोर वाढवू नका, जवळ या.

आता तो खरा प्रश्न. टप उघडल्यावर खर्ज जातो कुठे?

चाळीस हर्ट्झच्या सुराची लांबी साडेआठ मीटर. अख्खी मियाटा चार मीटरच्या आत. म्हणजे हा सूर गाडीत मावतच नाही. बंद गाडीत तो लाट म्हणून फिरत नाही, हवेचा दाब म्हणून नांदतो. सायकलच्या पंपासारखं. स्पीकर पुढे आला की सगळ्या केबिनचा दाब वाढतो, मागे गेला की उतरतो. त्यामुळे बंद गाडीत खालच्या सुरांना फुकटची मदत मिळते, आणि केबिन जितकी लहान तितकी ही मदत वरच्या सुरांपासूनच सुरू होते. म्हणून टप लावलेल्या मियाटात छोटा स्पीकरसुद्धा भरदार वाटतो. टप उघडला की पंपाचं तोंड उघडं. दाब धरायला काही उरत नाही. मदत संपली.

दुसरं, वारा. वाऱ्याचा आणि टायरचा गोंगाट बराचसा खालच्याच पट्ट्यात असतो आणि तो त्याच पट्ट्यातलं गाणं झाकून टाकतो. तिसरं, आपला कान. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू असेल तेव्हा कानाला खालचे सूर फार कमी लागतात. ते ऐकू यायला मधल्या सुरांपेक्षा पुष्कळ जास्त जोर लागतो.

हे तीन एकत्र आले की माणूस काय करतो? आवाज मोठा करतो. सगळाच. खर्ज ऐकू येईपर्यंत बटण फिरवतो, आणि तोवर बाकीचे सूर कानात खिळ्यासारखे घुसत असतात. मी हेच केलं. दर उन्हाळा, सहा वर्षं, जायला-यायला दीड तास.

माझ्या डाव्या कानाला आता चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे. आलेख काढला तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'कारखान्यात काम करता का?' मी म्हटलं, आवाज कमी करण्याच्या प्रयोगशाळेत. (हशा) हसा, मीही हसलो होतो. नायॉश नावाची इथली कामगारांच्या आरोग्याची संशोधन संस्था आहे, तिचा हिशोब मला पाठ होता, लोकांना मीच शिकवायचो: पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्क्याण्णवला दोन, चौऱ्याण्णवला एक. टप उघडून हायवेला नुसत्या वाऱ्यातच तुम्ही त्या पंच्याऐंशीच्या आसपास पोचता. त्यावर गाणं ऐकू यायला हवं म्हणजे ते किती असेल, हे मी कधी स्वतःच्या गाडीत मीटर लावून बघितलं नाही. डावा कान का, तर इथे चालक डावीकडे बसतो आणि खिडकी त्या बाजूला.

परिणाम असा, की तंबोऱ्याची जवारी मला डाव्या कानाने अर्धीच ऐकू येते. तार ऐकू येते, तिच्यावरची ती सोनेरी भुरभुर येत नाही. तेव्हा हा विषय कुणाला हौशीचा वाटत असेल तर त्यांनी हे धरून चालावं, की मी इथे थोडा चिडूनच उभा आहे.

आता दुरुस्तीकडे येतो. दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदा ती डिकीतली पेटी काढली. मग सगळं सुरुवातीपासून ऐकायला बसलो. गॅरेजमध्ये, इंजिन बंद. आणि काय सापडलं असेल? उजव्या दारातल्या स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या होत्या. आधीच्या मालकाने केलं असेल, किंवा त्या दुकानाने. एक स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. वरच्या सुरांत हे नुसतं विचित्र वाटतं. खालच्या सुरांत दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. पंपाचा एक दांडा दाबताय नि दुसरा ओढताय. तारा सुलट केल्या, दोन मिनिटांचं काम, शून्य डॉलर, आणि डग्गा परत आला. मी त्या रात्री काय वाटून घेतलं ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एवढं तरी घरी जाऊन करा. एका बाजूच्या तारांची अदलाबदल करून ऐका. बेस वाढला तर तसंच ठेवा, कमी झाला तर पूर्ववत करा.

त्यानंतर दारं. गाडीचं दार म्हणजे भोकं असलेला पत्र्याचा डबा. स्पीकर पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागे. मागचा आवाज भोकांतून फिरून पुढच्याला भेटतो आणि पुन्हा तेच, एकमेकांना खातात. पत्र्याला आतून ब्युटाइलची चिकट चादर लावली, आतली मोठी भोकं बंद केली. दाराच्या तळाशी पाणी निचरायची छिद्रं असतात, ती सोडली. ती बुजवली तर बेस येईल आणि दार जाईल. एवढ्यावर जो फरक पडला तो त्या बारा इंचीने कधी पडला नव्हता.

मग सबवूफर हवा का? हवा, कारण उघड्या टपात दारातल्या साडेसहा इंचींची दमछाक होते. पण कुठे? सीटखाली जागा नाही, या गाडीत तुम्ही जवळजवळ जमिनीवरच बसता. सीटमागच्या पत्र्यावर काही ठोकायचं तर खाली टाकी आहे, तिथे ड्रिल घेऊन जाणाऱ्याला मी हात जोडतो. राहिली शेजाऱ्याच्या पायाची जागा. तिथे आठ इंचींची बंद पेटी बसवली, पायांच्या पुढे, तिरकी. हेडरेस्टवाल्यांचा धडा गिरवला: जवळ या. ऐंशी हर्ट्झच्या खालचं तिच्याकडे, वरचं दारांकडे. दारांवरचं ओझं उतरलं तशी तीही मोकळी गायला लागली. अ‍ॅम्प सीटमागे. बॅटरी डिकीत असल्यामुळे तार आखूड, आणि फ्यूज बॅटरीला लागूनच. पेटीच्या बटणावर मी नेलपॉलिशने दोन ठिपके केलेत, एक टप लावलेला असतानाचा, एक उघडा असतानाचा. पहिला ठिपका बराच खाली आहे. पंपाचं तोंड बंद असलं की तेवढं पुरतं.

बंद पेटी का, पोर्टवाली का नाही, असं मला एका मित्राने विचारलं. पोर्टवाली तेवढ्याच ताकदीत जास्त वाजते, हे खरं. पण ती उशिरा थांबते. इथे माझ्या समीक्षेचा सगळा भार आहे, म्हणून सावकाश सांगतो. चांगला बेस ओळखायचा कसा? लोक ऐकतात तो सुरू कसा होतो ते. धप्प. मी ऐकतो तो थांबतो कसा. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट घासत नेऊन वादक जो घिस्सा काढतो, त्यात सूर खालून वर चढतो. ती चढण ऐकू आली पाहिजे. 'घे' वाजला, गुंजला आणि तळव्याने दाबला, तर तो दाबलेला क्षण ऐकू आला पाहिजे. डिकीपंथात 'घे' आणि 'के' यांत फरक उरत नाही, दोन्ही एकाच फुगलेल्या उशीवर पडतात. बोलच गेले तर उरलं काय? ठेका ओळखू येत नसेल तर तो डेसिबलने भरून निघत नाही.

अजून एक प्रयोग केला, तो फसला. सीटला लावायचे थरकाप-यंत्र मिळतात. कानाला आवाज नाही, पाठीला कंप. उघड्या गाडीसाठी आदर्श, कारण वाऱ्याला पाठ झाकता येत नाही. पहिला आठवडा मी खूश होतो. मग पावसाने ओल्या झालेल्या एका वळणावर गाडीची मागची बाजू किंचित सरकली आणि मला ते उशिरा कळलं. काही झालं नाही, गाडी सावरली. पण या गाडीत मागचे टायर काय करताहेत हे चालकाला सीटमधून कळतं. घोडा स्वाराशी पाठीतून बोलतो. आणि मी नेमक्या त्याच जागेत मृदंग भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते यंत्र काढलं.

मृदंगावरून आठवलं. पखवाज तुम्ही कीर्तनात पाहिला असेल. वाजवायच्या आधी डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. त्या कणकेनेच तो खर्ज येतो. किती लावायची हे त्या दिवशीच्या सुरावर, हवेवर. वाजवून बघतात, चिमूटभर काढतात, परत बघतात. आणि कार्यक्रम संपला की खरवडून पुडी स्वच्छ. उद्या नवी कणीक. लहानपणी मला हे अजब वाटायचं, रोज काढायची तर कायमची शाई का लावत नाहीत? आज वाटतं, जुन्या गाडीत खर्ज असाच लावावा. माझ्या दारांना एकही नवं भोक नाही. पेटी एका पट्ट्याने धरलेली आहे आणि एका प्लगने जोडलेली. मूळ रेडिओ कपाटात आहे. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली, जुन्या भागांचं उत्पादन पुन्हा सुरू करून. पण कापलेलं दार कुणी पुन्हा न कापलेलं करून देत नाही. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल तो सोवळ्यातला असू शकतो. त्याचाही हक्क आहे.

आणि किती लावायचा? एवढाच, की इंजिनाचा पंचम ऐकू येत राहावा. चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आलो की फेरे वाढतात, इंजिन सुरात वर चढतं, आणि ती जागा मोकळी मिळाली पाहिजे. काही वेळा गाण्यातला खर्ज आणि इंजिनाचा सूर टक्कर घेतात, घों-घों असा आवाज येतो. तेव्हा मी बटणाला हात लावत नाही. गिअर बदलतो.

वेळ संपली असं ताई खुणावताहेत. प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रेक्षकांतून: काका, खर्च किती आला?)

डिकीतल्या पेटीचा की तारा सुलट करण्याचा? (हशा) एकूण विचाराल तर, दुसऱ्या खेपेला जे केलं त्याचा खर्च पहिल्या खेपेच्या निम्माही नाही. जास्त पैसे चिकट चादरीला गेले आणि शनिवार-रविवार गेले.

(प्रेक्षकांतून: आता आवाज किती ठेवता?)

आता मीटर आहे गाडीत. टप उघडा असेल तर पंचावन्न मैलांच्या वर गाणं बंद. तेव्हा फक्त इंजिन. गावातल्या रस्त्यांवर गाणं. आणि डाव्या कानात बोळा.

(प्रेक्षकांतून: मग ती पेटी थंडीत गाडीतच असते का?)

नाही, ओलीने पेटी फुगते. पट्टा सोडायचा, प्लग काढायचा, घरात आणायची. गेल्या रविवारीच आणली. सध्या तिच्यावर आमच्याकडे तुळस ठेवलेली आहे, कारण दक्षिणेच्या खिडकीत नेमक्या त्याच उंचीचं काहीतरी हवं होतं.